दुसऱ्याच्या नावाला

बंगळूरच्या लालबागेतल्या खडकावर चढत असताना नीलिमाकाकूंनी मागून "सुशांत" अशी हाक मारली, आणि विश्वेश्वरने ओ दिली.

हाक मोठी नव्हती. नाताळच्या सुटीची दुपार, खडकावर माणसंच माणसं, तिखट-मीठ लावलेल्या काकडीच्या फोडी खात वर चढणारी, फोटो काढणारी. खांद्यावर पाण्याची पिशवी घेऊन तो मैत्रेयीबरोबर पुढे होता. "ओ" म्हणून तो वळला तेव्हा काकू पाच-सहा पावलं खाली गुडघ्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "पाण्याची बाटली द्या जरा," त्या म्हणाल्या. तो उतरला, झाकण उघडून बाटली दिली, त्या प्यायल्या, पदराने तोंड टिपलं आणि बाटली परत दिली. पुरुषोत्तमकाका खडकाची माहिती देणारी पाटी मोठ्याने वाचत होते, ते वाक्याच्या मध्येच थांबले. सिद्धीने मोबाइलमध्ये मान घातली. मैत्रेयीने सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतलं. वर्गात कुणीतरी चुकीचं उत्तर दिलंय आणि बाईंच्या लक्षात आलेलं नाही, अशा वेळी मुलं पाहतात तसं. मग काका पुन्हा सुरू झाले. "तीनशे कोटी वर्षांचा दगड आहे म्हणे. म्हणजे बघ मैत्रेयी, तेव्हा मासेसुद्धा नव्हते." सगळे पुढे चालू लागले.

सुशांत म्हणजे सिद्धीचा पहिला नवरा. काका-काकूंचा एकुलता एक मुलगा, मैत्रेयीचे वडील. चार वर्षांपूर्वी, छत्तिसाव्या वर्षी, सोसायटीच्या कोर्टवर बॅडमिंटन खेळता खेळता खाली बसला तो उठलाच नाही. विश्वेश्वरने त्याला कधी पाहिलं नव्हतं. सिद्धीशी लग्न होऊन चौदा महिने झाले होते, आणि लग्नानंतर काका-काकू पहिल्यांदाच पुण्याहून आले होते, चार दिवसांसाठी, नातीला भेटायला आणि बंगळूर बघायला. बोलावलं सिद्धीने. विश्वेश्वरने कारखान्यातून रजा काढली, कुठे काय बघायचं ते कागदावर लिहून काढलं, आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या नावाला ओ दिली.

आता आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून तो वाट पाहत राहिला. काचघराजवळ वाट पाहिली, तळ्याच्या काठाने जाताना पाहिली. राग येईल, किंवा कीव येईल, निदान ओशाळल्यासारखं तरी होईल. तसं काहीच झालं नाही. तळ्यात पाणकावळे पंख पसरून बसले होते. त्यांच्याकडे पाहताना एवढंच मनात आलं की काकूंनी हाक सुशांतला मारली आणि पुढे "द्या" म्हणाल्या. मुलाला त्या "दे" म्हणाल्या असत्या. "द्या" हे त्याला, विश्वेश्वरला. हाक एकाला आणि मागणं दुसऱ्याकडे. हे त्याने नोंदवलं आणि सोडून दिलं. नोंदवायची त्याला सवयच होती. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात तो अठरा वर्षं होता तिथे त्याचं काम मोजण्याचं होतं. गिअर, शाफ्ट, बुश यांची मापं बरोबर आहेत की नाहीत ते ज्या गेजने बघतात, ती गेजच बरोबर आहेत की नाहीत हे तो बघायचा. त्याची खोली बाराही महिने वीस अंशांवर ठेवलेली. बाहेरून आलेला तुकडा लगेच मोजायचा नाही, रात्रभर तसाच ठेवायचा, खोलीइतका थंड झाला की मग हातात घ्यायचा. लग्नाआधी सिद्धीला त्याने हे सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "म्हणजे तुला कुणीही घाई करायची नाही, असंच ना?" मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत त्यांची ओळख झाली होती. तो चाळिशीला आलेला, ती दोन वर्षांपासून एकटी. तिला न बोलता शेजारी बसणारा माणूस हवा होता. ते त्याला जमत होतं.

जमत होतं, असंच त्याला वाटायचं. दासरहळ्ळीतली आपली भाड्याची खोली सोडून तो व्हाइटफील्डला तिच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला तेव्हा दोन बॅगा आणि एक टेबलफॅन एवढंच त्याच्याबरोबर होतं. फॅन अजून माळ्यावर आहे. घरात सगळं होतं. सोफा होता, पडद्यांचे रंग ठरलेले होते, कुठल्या खिडकीतून पाऊस आत येतो आणि तिथे कुठलं फडकं लावायचं हेही ठरलेलं होतं. न्हाणीघरातला आरसा सुशांतच्या उंचीने बसवलेला होता. दाढी करताना विश्वेश्वरला हनुवटी दिसण्यासाठी टाचा किंचित उचलाव्या लागत. साडेतीन सेंटिमीटर. दोन स्क्रू काढून खाली घ्यायचे, दहा मिनिटांचं काम. चौदा महिने तो रोज टाचा उचलत होता. सिद्धीने कधी नको म्हटलं नव्हतं, त्याने कधी विचारलं नव्हतं.

"तयार संसार उचललास," असं त्याची आई म्हणाली होती. निपाणीच्या अलीकडच्या गावात, थोरल्या भावाच्या घरी, अंबूबाई मधल्या सोप्यात भाकरी थापत बसली होती. तो उंबऱ्यावर. लग्न ठरवलंय, बाई विधवा आहे, एक मुलगी आहे, असं त्याने सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. "दुसऱ्यानं मांडलेला तयार संसार उचललास. मग मी कशाला यायला पाहिजे?" ती लग्नाला आली नाही. त्यानंतर दर रविवारी तो फोन करायचा, थोरला भाऊ, अण्णा, उचलायचा. आई शेतावर गेलीय, आई देवळात गेलीय, आई झोपलीय. संध्याकाळी सात वाजता झोपलीय. "सरी, बरं, नंतर करतो," म्हणून तो फोन ठेवायचा. सुरुवातीला ठेवल्यावर थोडा वेळ छातीत काहीतरी दाटून यायचं. पुढे पुढे तेही येईनासं झालं. रविवार आला की फोन, फोन झाला की कपड्यांना इस्त्री.

लालबागेतून परतताना गाडीत मैत्रेयी काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. संध्याकाळी जेवणाआधी सिद्धी त्याला गॅलरीत घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "आज नको सांगूया."

"बरं."

"मी ठरवलं होतं आज सांगायचं. पण आता, त्या हाकेनंतर मला नाही जमणार. तुला वाईट वाटलं का?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच नाही वाटलं काही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याला कळलं की हे उत्तर तिला नको होतं, पण दुसरं त्याच्याकडे नव्हतं. सांगायचं होतं ते असं की सिद्धीला दिवस गेले होते. तिसरा महिना. खरं तर काका-काकूंना बोलावलं होतं ते त्यासाठीच. फोनवर सांगणं तिला बरं वाटत नव्हतं. चार वर्षांत तिने त्या दोघांपासून काही लपवलं नव्हतं. विश्वेश्वरशी लग्न करायचंय हेही तिने आधी त्यांना पुण्याला जाऊन सांगितलं होतं, आणि काका म्हणाले होते, "आम्हाला जावई मिळाला म्हणायचं." डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तो ठिपका दाखवला तेव्हा सिद्धी रडली. विश्वेश्वरने पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे वाचले. एकवीस मिलिमीटर. आजपर्यंत त्याने लाखो वस्तू मोजल्या होत्या, पण ह्या एकवीस मिलिमीटरचं काय करायचं ते त्याला कळेना. तो सिद्धीचा हात धरून बसला आणि मनात घाबरला, कारण हातात हात आहे एवढंच त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते केकचं प्रदर्शन बघायला गेले. साखरेचे राजवाडे, साखरेची जहाजं, माणसापेक्षा उंच साखरेचा मोर. दोरीपलीकडून बघायचं, हात लावायचा नाही. "ह्यातलं शेवटी खातं कोण?" मैत्रेयीने विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी विज्ञानाचं म्युझियम. तिथे काका खुलले. पूर्वी ते पुण्याला भूमापन खात्यात होते, मोजणी म्हटलं की त्यांना विश्वेश्वर आपल्यातलाच वाटायचा. दातेरी चाकांच्या दालनात त्यांनी त्याला खूप विचारलं आणि त्याने खूप सांगितलं. आपलाच आवाज सुरळीत, समजावून सांगणारा, त्याला लांबून ऐकू येत होता. काकू बाकावर बसून होत्या. त्या कुठेही गेल्या की आधी बाक शोधत. पालिकेच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी औषधं दिली, खिडकीमागे उभं राहून राहून पाय गेले, असं सिद्धी सांगायची. त्या बघायच्या सगळं, मोर बघितला, चाकं बघितली, "छान आहे" म्हणाल्या. त्या "छान आहे" म्हणत तेव्हा त्यांचा चेहरा हलत नसे. विश्वेश्वरला वाटलं, हा चेहरा आपल्या ओळखीचा आहे. कुठे पाहिलाय ते आठवेना. रात्री आरशासमोर दात घासताना आठवलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. सकाळी सिद्धी स्वयंपाकघरात डबा भरताना हळू आवाजात म्हणाली, "मी नाही सांगू शकत. मी चार दिवस तोंड उघडते आणि काहीतरी भलतंच बोलते. काल मी त्यांना वॉशिंग मशीनचे प्रोग्राम सांगत होते. तू सांग, प्लीज."

"मी?"

"तुझं शांत असतं ना सगळं."

मेट्रोने ते कब्बन पार्कला गेले. हवा थंड होती, ऊन कोवळं. बालभवनातल्या छोट्या आगगाडीसाठी लांब रांग होती. काका नातीबरोबर रांगेत उभे राहिले, आणि सिद्धी विश्वेश्वरकडे एकदा पाहून त्यांच्यामागे गेली. काकूंनी बांबूंच्या बेटाजवळ बाक शोधला. तो त्यांच्या शेजारी बसला, मध्ये पर्स. समोरून कुणीतरी दोन कुत्री घेऊन गेलं. वाक्य त्याने तयार ठेवलं होतं. काकू, तुम्हाला एक सांगायचं होतं. तो "काकू" म्हणाला, आणि त्याच वेळी त्याही बोलल्या.

"त्या दिवशी तुम्हाला मी सुशांत म्हणून हाक मारली."

"असू दे हो. चुकून होतं असं."

"चुकून नाही मारली." त्या समोरच पाहत होत्या. "तुम्ही पुढे चालला होतात, मैत्रेयीचा हात धरून. मला वाटलं, एकदा म्हणून बघावं. चार वर्षांत ते नाव घेऊन मी कुणाला हाक मारली नव्हती. त्याच्याविषयी बोलतो आम्ही, रोज बोलतो, ह्यांचं तर चालूच असतं. पण विषयी बोलणं वेगळं. हाक मारायची आणि कुणीतरी वळायचं. ते कसं वाटतं ते बघायचं होतं. म्हणून मुद्दाम मारली."

बालभवनाच्या बाजूने आगगाडीची शिट्टी आली. विश्वेश्वरने विचारलं, "मग? कसं वाटलं?"

"काही नाही वाटलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही वळलात, ओ म्हणालात. मी आत बघितलं तर काही नव्हतं. मग पाणी मागितलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्हाला राग आला असेल."

"मलाही काही वाटलं नाही," तो म्हणाला.

त्यांनी पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. दवाखान्याच्या खिडकीतून कागदावरचं नाव आणि समोरचा माणूस ताडून बघावा तसं. त्याला वाटलं, चार दिवसांत ह्या बाईशी आपण हे एकच खरं बोललो. हे इतकं बोललो तर तेही बोलता येईल. तयार ठेवलेलं वाक्य त्याला सापडेना. "सिद्धीला दिवस गेलेत," तो म्हणाला. "तिसरा महिना. तिला तुम्हाला सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता."

काकूंचा चेहरा हलला नाही. पर्सच्या बंदावरची बोटं फक्त एकदा उघडली आणि मिटली. बांबूच्या वाळलेल्या पानांवरून एक खार पळत गेली, थांबली, परत आली. त्यांच्या मनात काय चाललंय ह्याचा अंदाज करायचा त्याने प्रयत्न केला नाही. जे असेल ते त्यांचं होतं, आणि आपण तिथून उठून जायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे असं त्याला वाटलं.

"फॉलिक अ‍ॅसिड घेते ना?" त्यांनी विचारलं.

"हो. सुरुवातीपासून."

"लोहाची गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच. आपल्या मनाने नको. मैत्रेयीच्या वेळी तिला फार उलट्या झाल्या होत्या. लिंबू चालायचं नाही, आवळा चालायचा." त्या थांबल्या. "कधी आहे?"

"जुलैच्या सुरुवातीला."

"तुमच्या आईंना काय वाटलं?"

"त्यांना सांगितलं नाही अजून."

"नाही?" काकू सरळ बसल्या. त्यांच्या आवाजाला चार दिवसांत पहिल्यांदाच धार आली. "आधी आम्हाला सांगताय? हे चुकलं तुमचं. आधी त्यांना सांगायचं. त्यांचा पहिला हक्क."

"त्या बोलत नाहीत माझ्याशी, काकू. लग्नापासून. फोन भाऊ घेतो."

"कुठल्या वेळी करता फोन?"

"रविवारी. संध्याकाळी."

"मग ठरवून उचलत नसतील. आज रविवार नाहीये. लावा."

"आत्ता?"

"आत्ता लावा. मी इथेच आहे."

त्याने लावला, कारण नाही कसं म्हणायचं ते त्याला सुचलं नाही. पाच-सहा वेळा वाजला. मग खडखड झाली आणि टीव्हीवरच्या कानडी मालिकेच्या गोंगाटातून एक मोठा आवाज आला. "कोण? अण्णा न्हाई घरात. फोन हितंच इसरून गेलाय."

"आई, मी."

पलीकडे मालिकाच चालू राहिली. तिने फोन ठेवला नाही एवढं त्याला कळलं.

"तुझ्याशीच बोलायचं होतं," तो म्हणाला. "सिद्धीला दिवस गेलेत. तिसरा लागलाय."

मालिकेचा आवाज बंद झाला. तिचा श्वास ऐकू येत होता, फोन तोंडाजवळ अगदी चिकटवून धरलेला असणार. नंतर ती बोलली ती भलतंच काही. "कुठनं बोलायलास? पोरांचा कालवा ऐकू यालाय."

"बागेतनं. कब्बन पार्कातनं. फिरायला आलोय."

"कोण कोण?"

"मी, सिद्धी, मैत्रेयी. आणि सिद्धीचे सासू-सासरे आलेत पुण्याहून." कारखान्यात रजा मागताना, सोसायटीच्या गेटवर नाव लिहिताना तो असंच सांगत आला होता. तोंडातून तेच गेलं.

आई म्हणाली, "सिद्धीची सासू मी."

ती रागावली नव्हती. म्हशीला कुठल्या खुंटीला बांधायचं ते ती गड्याला सांगते तसं, शांतपणे, एकदाच सांगितल्यासारखं म्हणाली. फोनवर ती नेहमीच ओरडून बोलायची, त्यामुळे काकूंना सगळं ऐकू गेलं होतं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"बरोबर बोलल्या त्या," काकू म्हणाल्या.

"कोण बोलालंय बाजूला?" आईने विचारलं. "त्याच व्हय? दे त्यांच्याकडं."

त्याने फोन पुढे केला. काकूंनी आधी पदराला हात पुसला, मग घेतला, कानाला लावला आणि मोठ्या आवाजाने दचकून थोडा लांब धरला. "नमस्कार," त्या म्हणाल्या. "मी मैत्रेयीची आजी बोलतेय." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. काकू ऐकत राहिल्या. मध्येच "हो", मध्येच "नाही, तसं काही नाही". मग म्हणाल्या, "आठ पूर्ण झाली. मार्चमध्ये नववं संपेल. नाही हो, भात आवडतो, भाकरी खात नाही. तुम्ही करून घातलीत तर खाईल." पुन्हा बराच वेळ ऐकणं. "ते मी नाही सांगू शकत," काकू म्हणाल्या, "मला आत्ताच कळलंय. मलाही पचायला वेळ लागेल. तुम्ही या. तुम्ही यायला हवं."

विश्वेश्वर बाकावरून उठला. दोघींच्या बोलण्यात आपण बसू नये असं त्याला वाटलं. चार पावलं जाऊन तो बांबूपाशी उभा राहिला. वाटेवरून मैत्रेयी काकांना ओढत येत होती, आगगाडीचा डबा कसा हलला ते त्यांना हातांनी दाखवत. सिद्धी त्यांच्यामागे. तिला लांबूनच काकूंच्या कानाला लागलेला विश्वेश्वरचा फोन दिसला. तिने आधी काकूंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पावलं भरभर टाकत जवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, "सांगितलंस? काय झालं? कुणाचा फोन आहे?"

"तुझ्या सासूबाईंचा," विश्वेश्वर म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

सिद्धीने बाकाकडे पाहिलं. काकू फोनवर कुणाला तरी आवळ्याच्या सुपारीची कृती सांगत होत्या. तिकडे निघालेली ती जिथल्या तिथे थांबली.